प्लग तापतोय पण एमसीबी पडत नाही, मग चार्जिंग चालू ठेवू का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं: "इलेक्ट्रिक कार घेऊन काही महिने झाले. गाडीसोबत जी पोर्टेबल केबल मिळाली तीच रोज रात्री पार्किंगमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावतो. हल्ली प्लग इतका तापतो की हात ठेववत नाही आणि मागच्या आठवड्यात सॉकेटच्या एका भोकाभोवती तपकिरी डाग दिसला, कधीकधी विचित्र वासही येतो. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) मात्र एकदाही पडला नाही. वायरमन म्हणाला मोठा लोड आहे, गरम होणारच. चार्जिंगला असताना बॉनेटमधून फॅनचा मोठा आवाज येतो. लांबच्या प्रवासात एकाच दिवसात दुसऱ्यांदा फास्ट चार्जरला लावली तर स्पीड अर्ध्यावर आला. सासरे म्हणतात बॅटरी फुटेल, गाडी विकून टाका. दीर स्कूटरची बॅटरी काढून वर आणतात आणि बेडरूममध्ये रात्रभर चार्ज करतात. पार्किंगच्या बरोबर वर मुलांची खोली आहे, मला झोप लागत नाही. नेमकं घाबरायचं कशाला?"

ताई, पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. त्या सॉकेटला आज गाडी लावू नका. आत्ता लावलेली असेल तर आधी गाडीच्या स्क्रीनवरून किंवा ॲपवरून चार्जिंग थांबवा, मग त्या लाइनचा एमसीबी स्वतः खाली करा, आणि मगच प्लग काढा. चालू लोडवर प्लग ओढला की आत ठिणगी पडते आणि आधीच खराब झालेला कॉन्टॅक्ट अजून खराब होतो. प्लग चिकटल्यासारखा वाटला तर जोर लावू नका, प्लास्टिक वितळून पिनेला धरलेलं असू शकतं, लाइन बंद करून तसाच राहू द्या आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेट दुरुस्त होईपर्यंत बाहेरच्या चार्जरवर भागवा, थोडी गैरसोय होईल पण दुसरा मार्ग नाहीये.

तुम्ही विचारलंय नेमकं घाबरायचं कशाला, तर हा प्रश्न मला फार आवडला, कारण बहुतेक लोक "ईव्ही तापते" असं एकच वाक्य बोलतात आणि त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करून टाकतात. तुमच्याच पत्रात बघा, प्लग तापतोय, बॉनेटखालचा चार्जर तापतोय म्हणून फॅन फिरतोय, फास्ट चार्जिंगला बॅटरी तापली म्हणून स्पीड कमी झाला, आणि दिरांची बॅटरी तर अजून तापलेलीच नाहीये. यातल्या दोन गोष्टी अगदी नॉर्मल आहेत, एक आज रात्रीच्या आज थांबवायची आहे आणि एकीबद्दल घरात बसून बोलायचं आहे. घरातल्या सगळ्यांचं लक्ष बॅटरीकडे आहे आणि धोका आहे भिंतीवरच्या प्लगमध्ये.

का ते सांगतो, थोडं गणित आहे पण कठीण नाही. वायरमधून करंट गेला की जिथे अडथळा असेल तिथे उष्णता तयार होते, आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट. प्लगची पिन सॉकेटच्या आतल्या पट्टीला घट्ट धरून बसली असेल तर तिथला अडथळा नगण्य असतो, १५ अँपिअर गेले तरी अर्धा एक वॅट उष्णता होते, ती हवेत निघून जाते. पण पट्टी सैल झाली, किंवा मागे वायर ज्या स्क्रूने आवळलीये तो ढिला राहिला, की त्या जागी समजा ०.१ ओहमचा अडथळा आला, आकडा किती छोटा वाटतो बघा, तरी १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण २५ वॅट असते. म्हणजे तुमच्या सॉकेटच्या आत रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं आहे, आणि आजूबाजूला सगळं प्लास्टिक.

आता याच्या शेजारी बॅटरीचा आकडा ठेवा. घरच्या सॉकेटवरून साधारण ३.३ किलोवॅटने चार्जिंग होतं, गाडीची बॅटरी ४०० व्होल्टच्या आसपासची असेल तर तिच्यात जाणारा करंट फक्त सात-आठ अँपिअर. अख्ख्या पॅकचा आतला अडथळा समजा ०.१ ओहमच धरला, तर सबंध बॅटरीत मिळून पाच-सहा वॅट उष्णता तयार होते, तीही शेकडो किलोच्या पॅकमध्ये पसरलेली. म्हणजे सासरे ज्या बॅटरीला घाबरतायत ती रात्रीच्या स्लो चार्जिंगला जेमतेम कोमट होते, आणि तिच्या तीन-चार पट उष्णता त्या एका पिनेपाशी, नखाएवढ्या जागेत, तयार होतेय. हे त्यांना असंच आकड्यांसकट सांगा, "काही होत नाही हो बाबा" म्हणून उडवून लावू नका, कारण त्यांची भीती खोटी नाहीये, फक्त जागा चुकलीये.

हे आपोआप बरंही होत नाही, उलट वाढत जातं. सैल कॉन्टॅक्ट तापतो, तापला की आतल्या पट्टीचा ताण जातो आणि ती अजून सैल होते, धातूवर काळा थर चढतो, त्याने अडथळा वाढतो, मग अजून तापतो. म्हणून सुरुवातीचे काही महिने काही वाटत नाही आणि मग अचानक डाग दिसतो. तुम्ही लिहिलेला विचित्र वास मासळीसारखा आहे का ते आठवून बघा. स्विच आणि सॉकेटसाठी वापरतात त्यातली काही कडक प्लास्टिकं जास्त तापली की मासळीसारखा वास सुटतो, आणि बरेच लोक घरात उंदीर मेलाय का म्हणून शोधत बसतात. विजेच्या बोर्डाजवळ असा वास आला की आधी लाइन बंद करायची, शोधाशोध नंतर.

आता एमसीबीचं. हा गैरसमज इतका पसरलाय की मला जरा जोरातच लिहावं लागतंय. एमसीबी फक्त करंट मोजतो. लाइनमधून तिच्या क्षमतेपेक्षा जास्त करंट वाहिला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर तो पडतो. सैल कॉन्टॅक्टमध्ये करंट वाढतच नाही, अडथळ्यामुळे झाला तर किंचित कमीच होतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं छान चाललेलं असतं आणि तिकडे प्लग वितळत असतो. आरसीसीबी असेल तर तोही यात काही करू शकत नाही, कारण तो बघतो लीकेज, म्हणजे करंट अर्थकडे किंवा माणसाच्या अंगातून जातोय का ते. दोन्ही हवेतच, पण "पडला नाही म्हणजे ठीक आहे" हा निष्कर्ष चुकीचा आहे. अशा वेळी तुमचं नाक, तुमचा हात आणि तो तपकिरी डाग हेच खरे सेन्सर आहेत आणि तुम्ही ते वेळेत ऐकलेत.

वायरमनचं "मोठा लोड आहे, गरम होणारच" हे अर्धंच खरं आहे. प्लग कोमट होणं ठीक. पण हात ठेववत नाही म्हणजे बाहेरचं प्लास्टिकच पन्नास-साठ डिग्रीच्या घरात गेलंय, आत पिनेवर त्याहून जास्त असणार, आणि साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन ७० डिग्रीपर्यंतच टिकायला बनवलेलं असतं. पाणी तापवायच्या हीटरवर हेच सॉकेट वर्षानुवर्षं चाललं असेल तर त्याचं कारण हीटर पंधरावीस मिनिटं चालतो आणि थर्मोस्टॅट त्याला बंद करतो, जोड पूर्ण तापायच्या आधीच. गाडी सलग सहा, आठ, दहा तास तोच लोड ओढते, रोज, आणि घरातलं दुसरं कुठलंच उपकरण असं वागत नाही. म्हणून सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलंय म्हणजे रात्रभर १५-१६ अँपिअर ओढायला हरकत नाही, असं धरू नका. बऱ्याच ठिकाणी सलग चालणाऱ्या लोडसाठी सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्केच वापरायचे असा हिशोब धरतात, तो चांगला हिशोब आहे.

मग करायचं काय? फक्त जळलेलं सॉकेट काढून तसलंच दुसरं बसवलं तर काही महिन्यांनी हेच पत्र तुम्ही परत लिहाल. डीबीपासून (घरातल्या मुख्य विजेच्या बोर्डापासून) गाडीच्या जागेपर्यंत वेगळी लाइन ओढून घ्या, त्यावर दुसरं काहीही नको, ना लाइट ना पंप ना वॉशिंग मशीन. तांब्याची वायर, जवळ असेल तर २.५ स्क्वेअर मिलिमीटर जाडीची चालते पण मी म्हणेन ४ स्क्वेअरच टाका, अंतर जास्त असेल तर नक्कीच, खर्चातला फरक कामाच्या मानाने थोडा असतो. मध्ये जोड नको, टेप गुंडाळलेला तर अजिबात नको. जुन्या इमारतीत कुठे ॲल्युमिनियमची वायर असेल आणि तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असेल तर तो जोड हमखास तापतो, तो शोधून काढायला सांगा. या लाइनला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. सॉकेट जाड पट्टीचं, औद्योगिक वापराचं, किंवा जमत असेल तर सरळ भिंतीवर कायमचा बसवायचा वॉल बॉक्स. वॉल बॉक्सचा मोठा फायदा हा की त्यात भिंतीकडचा प्लग-सॉकेटचा जोडच राहत नाही, वायर थेट आत आवळलेली असते, आणि तुमचा त्रास नेमका तिथेच आहे. आणि इलेक्ट्रिशियन बदला असं मी म्हणत नाही, पण डाग बघूनही जो माणूस स्क्रू उघडून बघत नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

जुनं सॉकेट उघडल्यावर मागच्या वायरी बघायला सांगा. इन्सुलेशन कडक होऊन तडकलं असेल किंवा काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून चांगल्या वायरपर्यंत मागे जायला हवं. तुमच्या केबलचा प्लगसुद्धा तपासा. पिन काळी पडलेली किंवा प्लास्टिक जरा वाकलेलं असेल तर तो प्लग नवीन सॉकेटला लावायचा नाही, कारण खराब पिन चांगलं सॉकेटही खराब करते. घासून चकाचक करून वापरणं हा उपाय नाहीये, गाडीच्या कंपनीकडून केबल बदलून घ्या, वॉरंटीत आहे का विचारा, डागाचे फोटो काढून ठेवा.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही पण जवळजवळ सगळीकडे दिसते म्हणून लिहितो, पोर्टेबल केबलवरचा तो जड डबा प्लगला लटकत ठेवलेला असतो. दिवसरात्र त्याचं वजन पिनांवर येतं, पिना तिरक्या होतात आणि खालच्या बाजूने कॉन्टॅक्ट सुटत जातो. भिंतीला हुक मारून डबा त्यावर अडकवा, प्लगवर काही वजन नको. एक्स्टेन्शन बोर्ड नको, मल्टीप्लग नको, ट्रॅव्हल ॲडॅप्टर नको, यात "एकदाच" असा अपवादही नको. गुंडाळलेली केबल रीळ तर फारच वाईट, वेटोळ्यात उष्णता बाहेर पडायला जागाच नसते, उलगडलेली असताना जेवढा लोड ती पेलते त्याच्या निम्माही गुंडाळलेली असताना पेलत नाही. आणि अर्थिंग नाही म्हणून केबलवर लाल दिवा येत असेल तर काही जण न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडून तो दिवा घालवतात, असं कोणी सुचवलं तर त्या माणसाला परत बोलावू नका, गाडीच्या पत्र्यात करंट उतरला तर जीव जाईल.

सगळ्यात सोपा उपाय मात्र गाडीच्या सेटिंगमध्येच आहे. बहुतेक गाड्यांत किंवा केबलवर करंट कमी करायची सोय असते. १५ ऐवजी १० अँपिअर केलं तर जोडावरची उष्णता निम्म्याहून खाली येते, ८ केलं तर जवळपास चौथाई. लोकांना वाटतं मग गाडी भरणारच नाही. हिशोब करा, रोज ४० किलोमीटर चालते असं धरलं तर साधारण सहा युनिट लागतात, १० अँपिअरला तासाला दोन युनिट बॅटरीत जातात, म्हणजे तीन-साडेतीन तासात दिवसभराचं भरून निघतं आणि रात्र तर आठ-दहा तासांची असते. नवीन लाइन झाल्यावरसुद्धा गरज नसेल तर १० वरच ठेवा. फक्त हे लक्षात असू द्या की करंट कमी करणं हा खराब सॉकेटवरचा इलाज नाही, डाग पडलेल्या सॉकेटला ८ अँपिअरवरसुद्धा लावायचं नाही.

हे काही तुमच्या एकटीच्याच घरी झालेलं नाहीये. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये एका गॅरेजमध्ये टेस्ला मॉडेल एस चार्जिंगला लावलेली असताना आग लागली होती. तिथल्या अग्निशमन दलाच्या रिपोर्टचं बोट भिंतीवरच्या सॉकेटपाशी असलेल्या जोडाकडे होतं, गाडीच्या बॅटरीकडे नाही. कंपनीचं म्हणणं होतं की दोष आमच्या केबलचा नाही, पण तरीही त्यांनी सॉफ्टवेअर बदललं, व्होल्टेजमध्ये अनपेक्षित चढउतार दिसले की गाडी स्वतःहून करंट २५ टक्के कमी करते, आणि २०१४ च्या जानेवारीत थर्मल फ्यूज (जास्त तापलं की करंट तोडणारा फ्यूज) घातलेले नवीन ॲडॅप्टर ग्राहकांना द्यायला घेतले. आता बऱ्याच चांगल्या केबलच्या प्लगमध्येच तापमानाचा सेन्सर असतो. तुमच्या केबलमध्ये आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, नसेल तर नवीन घेताना असलेलीच घ्या, यासाठी जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या.

आता फॅन. ज्याला आपण चार्जर म्हणतो तो डबा खरं तर नुसता स्विच आहे, तो गाडीला एवढंच सांगतो की जास्तीत जास्त इतका करंट घे. खरा चार्जर गाडीच्या आत असतो, तो एसीचा डीसी करतो आणि त्यात साधारण दहा टक्के वीज उष्णता म्हणून जाते. ३.३ किलोवॅटचे दहा टक्के म्हणजे तीनशेहून जास्त वॅट, तर एवढी उष्णता बाहेर टाकायला कूलंटचा पंप चालणार, फॅन फिरणार, मध्येच घुर्रर्र आवाज येणार. हे बरोबर आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला हवा जायला जागा असू द्या, गाडीवर जाड कव्हर घालून चार्ज करू नका, एवढंच. आवाज पूर्वी यायचा आणि आता अजिबातच येत नाही आणि चार्जिंग मध्येच तुटतंय, असं झालं तर मात्र सर्व्हिस सेंटरला जा.

फास्ट चार्जरचं गणित वेगळं आहे. तिथे ५० किलोवॅट म्हणजे ४०० व्होल्टच्या बॅटरीत १२५ अँपिअर, आणि मघाचाच ०.१ ओहम धरला तर बॅटरीत दीड किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता. घरी पाच-सहा वॅट, इथे दीड हजार. त्यात हायवेला जोरात चालवून बॅटरी आधीच तापलेली, बाहेर ऊन, आणि त्याच दिवशी दुसऱ्यांदा लावलेली. लिथियम आयन सेल चार्ज करायला साधारण शून्य ते ४५ डिग्रीची मर्यादा मानतात, त्या वरच्या टोकाजवळ आलं की गाडीचा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, चार्जरला सांगतो करंट कमी कर. म्हणजे तुमच्या गाडीने जे केलं ते तिने करायलाच हवं होतं. निसान लीफच्या २०१८ च्या मॉडेलवर याच कारणाने खूप चर्चा झाली होती, तिच्या बॅटरीला पाण्याने थंड करायची सोय नव्हती, मग लांबच्या प्रवासात दुसऱ्या-तिसऱ्या फास्ट चार्जिंगला स्पीड फार खाली यायचा आणि लोकांनी त्याला रॅपिडगेट असं नाव ठेवलं होतं. ज्या गाड्यांत कूलंट फिरतं त्यांना हा त्रास कमी होतो. चार्जरवर पोचायच्या आधीचे पंधरावीस मिनिटं जरा शांत चालवा, ८० टक्क्यांनंतर तिथे थांबून राहू नका कारण त्यापुढे स्पीड तसाही उतरतो, आणि कधीकधी त्याच चार्जरच्या शेजारच्या गनला (गाडीत लावायच्या हँडलला) दुसरी गाडी लागली की पॉवर वाटली जाते, तेही कारण असू शकतं. काही जण गनच्या हँडलवर ओला टॉवेल गुंडाळतात म्हणजे स्पीड वाढतो, हे कृपा करून करू नका, हँडलमधला सेन्सर फसतो आणि आतल्या पिना तापतच राहतात.

सासऱ्यांच्या भीतीत तथ्य कुठे आहे तेही सांगायलाच हवं. बॅटरीच्या सेलमध्ये बनवतानाच दोष राहिला असेल, किंवा अपघातात खालून मार लागला असेल, किंवा पुराचं पाणी आत गेलं असेल तर आत शॉर्ट होऊन सेल तापायला लागू शकतो. साधारण ८० ते १२० डिग्रीच्या दरम्यान आतला संरक्षक थर तुटायला लागतो, १३० च्या आसपास सेलच्या दोन ध्रुवांना वेगळं ठेवणारा पॉलिइथिलीनचा पडदा (सेपरेटर) वितळतो, आणि मग सेल स्वतःच्याच उष्णतेने पेटत शेजारच्या सेलला पेटवत जातो. शेवरोले बोल्टच्या बाबतीत हे झालंय, काही सेलमध्ये ॲनोडचा (ऋण ध्रुवाचा) टॅब फाटलेला आणि सेपरेटर दुमडलेला असे दोन दोष एकत्र सापडले आणि २०२० ते २०२१ मध्ये मिळून साधारण १ लाख ४२ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना सांगितलं होतं की ९० टक्क्यांवर चार्ज करू नका, चार्ज झाल्यावर गाडी इमारतीपासून लांब उघड्यावर लावा, रात्रभर आत चार्जिंगला ठेवू नका. म्हणून तुमच्या मॉडेलचा रिकॉल आहे का ते गाडीच्या चासिस नंबरवरून कंपनीच्या साइटवर आजच बघा, आणि सॉफ्टवेअर अपडेट टाळू नका. बॅटरीची वॉर्निंग आली, किंवा खालून दगड जोरात लागला, किंवा गाडी पाण्यात उभी राहिली, तर तपासल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. यातलं काही नसेल तर गाडी विकायचं कारण मला दिसत नाही.

आणि तरीही कधी गाडीखालून फुसफुस किंवा फटफट आवाज आला, पांढरा-राखाडी धूर यायला लागला, तर प्लग काढायलाही जाऊ नका, जाता जाता मेन बंद करता आला तर करा, मुलांना घेऊन वारा जिकडून येतोय त्या बाजूला, धुरापासून लांब जा आणि फायर ब्रिगेडला फोन करून "इलेक्ट्रिक गाडी आहे, चार्जिंगला होती" हे आधी सांगा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. घरातल्या छोट्या सिलिंडरने ही आग विझत नाही, तिला खूप पाणी आणि खूप वेळ लागतो, आणि विझल्यासारखी वाटली तरी काही तासांनी परत पेटू शकते.

दिरांशी मात्र आजच बोला, कारण तुमच्या पत्रातली दुसरी खरी काळजीची गोष्ट हीच आहे. कारची बॅटरी मजबूत चौकटीत, जमिनीलगत, माणसांपासून लांब असते. स्कूटरची बॅटरी तुम्ही झोपता त्या खोलीत, बहुधा गादीच्या किंवा पडद्याच्या शेजारी असते. स्कूटर चालवून आल्या आल्या गरम बॅटरी लगेच लावू नका, आधी अर्धा-एक तास थंड होऊ द्या. फरशीवर ठेवा, मोकळ्या जागी, बाहेर पडायच्या वाटेत नको, कारण पेटली तर तुमची वाटच बंद होईल. झोपायच्या आधी काढून ठेवा. आणि चार्जर तिच्याच कंपनीचा हवा. "६० व्होल्टचाच आहे की" म्हणून दुसरा लावतात, पण लिथियम सेलचे प्रकार वेगळे असतात, एलएफपी सेल ३.६५ व्होल्टला भरतो आणि एनएमसी ४.२ ला, आत किती सेल आहेत आणि कुठल्या आहेत यावर शेवटचा व्होल्टेज ठरतो, चुकीचा चार्जर बॅटरीला तिच्या मर्यादेपलीकडे भरत राहू शकतो आणि मग सगळा भार एकट्या बीएमएसवर. बॅटरी फुगलेली दिसली, पडली असेल, गोडसर किंवा थिनरसारखा वास आला तर घरात आणायचीच नाही. ते ऐकत नसतील तर निदान बेडरूममधून बाहेर काढायला लावा, आणि या मुद्द्यावर घरात वाद झाला तरी होऊ द्या.

नवीन लाइन झाली की पहिल्या रात्री लगेच झोपू नका. १० अँपिअरवर लावा, अर्ध्या तासाने प्लगला हाताची मागची बाजू लावून बघा, मग एका तासाने, मग दोन तासांनी, कारण जोडाला तापून स्थिर व्हायला वेळ लागतो, पाच मिनिटांत बघून काही कळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तम, पण तो प्लास्टिकवर धरा, चकचकीत धातूवर तो चुकीचं कमी तापमान दाखवतो. आजूबाजूच्या हवेपेक्षा प्लग दहा-पंधरा डिग्री जास्त असेल तर निश्चिंत व्हा, तीस डिग्रीच्या वर गेला तर बंद करून इलेक्ट्रिशियनला परत बोलवा. एका महिन्याने त्याच्याकडून लाइन बंद करून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या, नवीन वायर आवळल्यावर थोडी बसते आणि स्क्रू सैल होतात, आणि त्यानंतर वर्षातून एकदा. पार्किंगच्या छताला एक स्मोक अलार्म लावा ज्याचा आवाज वर मुलांच्या खोलीपर्यंत येईल, आणि तो येतो का ते बटण दाबून, दार बंद करून, वर जाऊन स्वतः ऐकून बघा.